गुडघ्याचा कानोसा

समिधा खराडेला कुणी गोड बोलून समजवायला लागलं की तिच्या कानशिलावरची शीर उडायची, आणि सबनीस तर सकाळपासून गोडच बोलत होते.

पुण्यातलं मोठं हॉटेल, हाडं गारठवणारा एसी, आणि टेबलाच्या त्या बाजूला महिला कबड्डी लीगची माणसं ओळीने बसलेली. या बाजूला एकटी समिधा, खेळाडू संघटनेची अध्यक्ष. संघटनेच्या वकिलाला नेमका आजच ताप आला होता. कसला ताप ते समिधाला चांगलं ठाऊक होतं, पण म्हटलं जाऊ दे, त्यालाही घरसंसार आहे.

"समिधाताई, हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय," सबनीस म्हणाले. ते लीगचे मुख्य अधिकारी. बोलणं असं की वाटावं, आपला सख्खा मामाच बोलतोय.

"आमच्या भल्याचा लई भार घेतलाय सर तुम्ही. थोडा आमच्याकडं पण द्या."

समिधा सांगलीकडची, 'कृष्णा' संघाची कर्णधार. डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा तिच्या पंजात सापडला की ती पोर मध्यरेषेपलीकडे परत जाईल ही आशाच सोडायची. अशा बाईला टेबलावर बसवून फायली दाखवायच्या म्हणजे तिचा निम्मा जीव तिथंच जायचा. पण बाकीच्या पोरींनी तिला निवडून दिलं होतं. का, तर म्हणे अक्का कुणाला भीत नाही. भीत होती हो, चांगली भीत होती, पण ते त्यांना कशाला सांगा.

भांडण होतं कानोशावरून.

कानोसा म्हणजे गुडघ्याच्या मागे चिकटवायची एक पट्टी, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. गुडघ्याच्या आत हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात, हजारो बारीक तंतूंचे पिळलेले दोरच म्हणा ना. असा दोर तुटतो तेव्हा एकदम तुटल्यासारखा वाटतो. खरं तर कितीतरी आधीपासून आतले तंतू एकेक करून जात असतात. प्रत्येक तंतू तुटताना आवाज होतो. तो इतका क्षीण आणि इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला कळतच नाही. कानोसा तो ऐकतो. दोन आवाजांमधलं अंतर कमी व्हायला लागलं, आणि आवाज पुन्हा पुन्हा एकाच जागेवरून यायला लागले, की दोर तिथे जाणार हे नक्की समजायचं. हजारो गुडघे ऐकून ऐकून हे यंत्र एवढं तयार झालं होतं की अस्थिबंध फाटण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच ते इशारा द्यायचं. धोका नसला तर गुडघा हिरवा, असला तर लाल. चुकायचं क्वचितच.

ते बनवणारे डॉ. केळुसकर टेबलाच्या टोकाला बसले होते आणि बैठक सुरू झाल्यापासून बशीतल्या बिस्किटाचा चुरा करत होते. कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"विज्ञानानं आपल्याला आधीच कळायला लागलंय," सबनीस म्हणाले. "मग कळून-सवरून झालेल्या दुखापतीला अपघात कसं म्हणायचं? म्हणून नव्या करारात हे 'ज्ञात धोका' कलम घातलंय. लाल दाखवलेला गुडघा खेळताना फाटला, तर उपचाराचा खर्च आणि उरलेल्या हंगामाचं मानधन लीग देणार नाही."

"आणि लाल दाखवल्यावर ती खेळलीच नाही तर?"

"तर ती अनुपलब्ध. मग करार आपोआप संपतो."

समिधा पुढे वाकली.

"म्हणजे खेळली तर तिची चूक, आणि नाही खेळली तर घरी. मग करायचं काय तिनं सर? हवेत लोंबकळायचं?"

कुणीतरी खोकलं. डॉ. केळुसकर बिस्किटाकडे बघतच पुटपुटले, "आम्ही ते विश्रांतीसाठी बनवलं होतं. विश्रांती दिली तर तंतू पुन्हा सांधतात. सहा-आठ आठवड्यांत लालचा हिरवा होतो. लाल म्हणजे निकाल नव्हे, तो..."

"डॉक्टर, तो तांत्रिक भाग झाला," सबनीस म्हणाले, आणि डॉक्टर पुन्हा बिस्किटात शिरले.

पुढची गोष्ट सबनिसांनी जाता जाता सांगितली, किरकोळ असल्यासारखी. उपांत्य सामन्यापासून हे रंग टीव्हीवर आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दिसणार होते. खेळाडू पळेल तसं तिच्या गुडघ्याभोवती हिरवं किंवा लाल कडं फिरणार. प्रेक्षकांनी मोबाइलवर ओळखायचं: आज कुणाचा गुडघा?

"आज कुणाचा गुडघा," समिधाने शब्द चघळत म्हटलं. "वा! आणि बरोबर ओळखणाऱ्याला काय देणार? तो गुडघाच देणार काय काढून?"

"ताई, चिडू नका. तुमचं काय अडलंय त्यात?" सबनिसांनी टॅबलेट तिच्याकडे वळवला. "तुमचे दोन्ही गुडघे या वयातही हिरवेगार आहेत. तुमचा भाव वाढणार आहे. शिवाय पुढच्या वर्षी सहप्रशिक्षक म्हणून तुमचा विचार चाललाय. संघटनेची सही झाली की सगळं मार्गी लागेल."

समिधाने पडद्याकडे पाहिलं. तिच्याच पायांचं चित्र, आणि ते आधी यांनी पाहिलेलं. खेळाडूला सामन्याआधी संघाचा मॅनेजर नुसता रंग सांगायचा, तोही त्याची मर्जी असली तर. ती उठली.

"चहा चांगला होता," म्हणाली आणि बाहेर पडली.

सगळे संघ क्रीडासंकुलाच्या वसतिगृहात उतरले होते. जेवणघरात संघटनेची सभा भरली तेव्हा समिधाला दारातच कळलं की काम अवघड आहे. एरवी पोरी आपापल्या संघाच्या टेबलावर बसायच्या. आज हिरव्या एकीकडे बसल्या होत्या आणि लाल दुसरीकडे. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच बसल्या होत्या. कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या दोघी आज एकमेकींच्या पायांकडे बघत होत्या.

समिधाने संपाचा ठराव मांडला. उपांत्य सामन्याला कुणीच मैदानात उतरायचं नाही, कलम मागे घ्या म्हणायचं.

"आणि बंदी?" मुस्कान मुल्ला उठली. ती कृष्णाचीच, समिधाच्या समोरच्या उजव्या कोपऱ्यावर खेळायची. दोघींचं मैदानावर इतकं जमायचं की डोळ्यानं खुणवायचीही गरज पडायची नाही. "न उतरणारीवर दोन वर्षांची बंदी, हे जुन्या करारातच हाय. अक्का, राग मानू नकोस. घरात मी एकटी मिळवती. अब्बूंचं डायलिसिस चालू हाय. माझे गुडघे हिरवे हायत तोवर मला भाव मिळतोय. दुसरीच्या गुडघ्यासाठी मी माझं ताट का लाथाडू?"

"उद्या तुझे लाल झाले म्हणजे?"

"उद्याचं उद्या बघू."

मुस्कान वाईट नव्हती. म्हणून तर समिधाला जास्त लागलं. मतं पडली, ठराव पडला, आणि पोरी मान खाली घालून ताटं उचलायला गेल्या. जाता जाता एकीने समिधाच्या खांद्यावर हात ठेवला. समिधाने तो झटकला आणि मग स्वतःच्याच वागण्याचा तिला राग आला.

बाहेर पायऱ्यांवर किमया बसली होती.

किमया लोहार अजिंठा संघाची चढाईपटू. अख्ख्या लीगमध्ये तिच्याइतका चपळ पाय नव्हता. समिधाच्याच गावची, समिधाच्याच गल्लीतली. गावच्या मंडळात मातीवर तिला पहिली चढाई समिधाने शिकवली, आणि पहिल्यांदा तोंडावर आपटली तेव्हा ओठाला हळदही समिधानेच लावली. उद्याचा सामना कृष्णा आणि अजिंठा यांच्यातच होता.

"डावा का उजवा?" समिधाने विचारलं.

"काय?"

"भोळी बनू नकोस किमे. लाल कुठला?"

किमया हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "डावा. मॅनेजर म्हणाला, जपून खेळ. जपून चढाई करतेत व्हय? जपून करायची तर स्वेटर विणायला बसले नसते?"

"उद्या उतरू नकोस. बस."

"म्हणजे पुढचा करार गेला."

"गुडघा जाण्यापरीस बरा."

"तुला सोपं हाय गं बोलायला!" किमया उसळली. "तुझे हिरवे. तू कर्णधार, तू अध्यक्ष, उद्या कोच होशील. सगळ्या पोरी बोलाल्यात, अक्काचं ठरलंय म्हणून. मी बसले की कोण विचारतंय मला? विद्या आठवती का? गेल्या साली लाल झाली म्हणून बसली. आज कुठं हाय ठाऊक हाय तुला?"

समिधाला ठाऊक नव्हतं.

"मला पण न्हाई ठाऊक. तेच सांगालेय न्हवं." किमया उठली. "आणि उद्या माझ्या म्होरं तूच हायस. डाव्या कोपऱ्याला. घोटा मिळाला तर धर. लाल हाय म्हणून सोडलंस तर तोंड बघणार न्हाई तुझं. मी भीक मागायला आले न्हाई."

ती ताडताड निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाचे प्रशिक्षक थोरवत सर समिधाला बाजूला घेऊन तेच म्हणाले, फक्त वेगळ्या कारणासाठी. "किमयाचा डावा गुडघा लाल आहे. वरून निरोप आहे, लपवून काही उपयोग नाही, पडद्यावर दिसणारच आहे. डावा घोटा धर आणि पिळ. ती गेली की अजिंठ्यात राहतंय काय?"

"वरून म्हणजे किती वरून, सर?"

"तुला जिंकायचंय का नाही?"

जिंकायचं तर होतंच. कबड्डीत जन्म गेलेल्या बाईला हे काय विचारायचं झालं?

संध्याकाळी मैदान खच्चून भरलं. दोन्ही संघ मॅटवर आले आणि डोक्यावरच्या प्रचंड पडद्यावर चौदा जणींच्या गुडघ्यांभोवती कडी उजळली. प्रेक्षकांतून एक विचित्र आवाज आला, आधी 'अरे!' आणि मग शिट्ट्या. हिरव्या कड्यांच्या गर्दीत किमयाचं एकच लाल कडं लखलखत होतं. तिने एकदा वर पाहिलं आणि मग जी मान खाली घातली ती घातलीच.

सामन्याच्या सुरुवातीलाच किमया चढाईला आली. तोंडाने 'कबड्डी कबड्डी', डोळे समिधावर. डाव्या कोपऱ्याकडे सरकली आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, डावा पाय पुढे टाकला. हिंमत असेल तर धर, असंच म्हणत होती जणू. समिधाचा पंजा विचार करायच्या आधीच गेला. घोटा सापडला. तिच्या बोटांना तो घोटा लहानपणापासून ओळखीचा होता.

त्याच क्षणी सगळं मैदान उठून उभं राहिलं. पडद्यावर लाल कडं मोठं होऊन भकभकू लागलं आणि हजारो माणसं एका सुरात ओरडली, "गेला! गेला! गेला!" आनंदाने ओरडत होती हो. समिधाची बोटं उघडली.

किमया सुटली, मध्यरेषा ओलांडून गेली. समिधा बाद. किमयाने पलीकडून तिच्याकडे पाहिलं आणि मॅटवर थुंकल्यासारखं तोंड केलं.

समिधा बाकावर जाऊन बसली. समोरच्या पडद्यावर पाटी आली: 'आज कुणाचा गुडघा?' खाली किमयाचा फोटो, सगळ्यात पुढे. त्याच्या शेजारी नवा प्रश्न: 'कोण फाडणार?' आणि तिथे समिधाचा फोटो. खाली आकडा भराभरा वर चढत होता. थोरवत सर कानाशी ओरडत होते, "धरला होता! धरून सोडतात का?" समिधाला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. ती आपल्याच फोटोकडे बघत होती. मागच्या वर्षी काढलेला, चांगला हसरा फोटो होता तो. हाडाच्या कसायाचा असल्यासारखा तिथे लटकवून ठेवला होता.

रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने ते पुसलं आणि मनाशी म्हणाली, थांबा. दाखवते तुम्हाला.

कबड्डीत बाद झालेली घरी जात नाही. बाकावर बसते, आणि तिच्या संघाने एक गुण मिळवला की परत आत येते. मुस्कानने अजिंठ्याच्या पुढच्याच चढाईत त्यांची पोर पकडली आणि समिधा आत आली. किमया पुन्हा चढाईला आली. या वेळी ती मधोमध होती, कोपऱ्यापासून चांगली दोन हात लांब.

समिधाने हात वर केला.

मातीवर वाढलेल्या खेळाडूची ही सवय. गावच्या मैदानावर कॅमेरे कुठले? पंचाची नजर चुकली तरी स्पर्श झालेल्या पोरीने स्वतः हात वर करायचा, 'लागला मला' म्हणायचं आणि बाहेर जायचं. लपवणारीला त्या दिवशी मंडळात कुणी पाणीसुद्धा द्यायचं नाही. पण आज किमयाचा हात तिला लागलाच नव्हता. अख्ख्या मैदानाने ते पाहिलं होतं.

"लागला मला," समिधा मोठ्यांदा म्हणाली आणि हात तसाच उंच धरून बाकाकडे चालू लागली.

पंच गोंधळले. थोरवत सर किंचाळले, "रिव्ह्यू! रिव्ह्यू घ्या!" पण लीगमध्ये रिव्ह्यू मागायचा हक्क कर्णधाराचा, आणि कर्णधार बाकावर मांडी घालून बसली होती. पंचांनी शेवटी खांदे उडवले. खेळाडूच बाद झाले म्हणते, तर गुण अजिंठ्याला.

आता कृष्णाची पोर चढाईला गेली. अजिंठ्याच्या सातजणी फळी करून उभ्या होत्या, किमया त्यांच्यात एका टोकाला. ती समिधाकडे बघत होती. समिधा तिच्याकडे. बाकी कुणाला काही कळलं नसेल, पण एकाच मातीवर गुडघे फोडून घेतलेल्या दोघींना कळायला किती वेळ लागतो! किमयाच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. चढाईपटू तिच्या आसपासही नव्हती.

किमयाने हात वर केला. "लागला मला."

गुण कृष्णाला. आणि एक गुण म्हणजे एक बाद खेळाडू आत. समिधा बाकावरून उठली आणि मैदानात आली. किमया तिच्या बाकाकडे जाता जाता दोघी मध्यरेषेशी समोरासमोर आल्या.

"सोडलंस मला मगाशी," किमया म्हणाली.

"व्हय, सोडलं. त्यांच्यासाठी धरायचं नव्हतं मला."

अजिंठ्याची पुढची चढाई. समिधा हात वर करणार तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातून आवाज आला, "लागला मला!" मुस्कान. हिरव्या गुडघ्यांची, संपाविरुद्ध बोललेली मुस्कान. हात सरळ आकाशात, डोळे लाल झालेले. समिधाजवळून जाताना दातांत म्हणाली, "ती पाटी बघितली. 'कोण फाडणार' म्हणं. आय घाला असल्या करारात."

मग थांबलंच नाही. दर चढाईला एक हात वर. इकडची बाद, मग तिकडची बाद; तिकडची आत, मग इकडची आत. कुणी कुणाला शिवत नव्हतं, कुणी कुणाला धरत नव्हतं, आणि गुणफलक दोन्हीकडे अगदी बरोबरीने चढत होता. प्रेक्षकांनी आधी बाटल्या आपटल्या, शिव्या घातल्या. मग वरच्या स्वस्त तिकिटांच्या बाजूने, जिथे गावोगावच्या मंडळांची माणसं बसली होती, तिथून कुणीतरी ओरडलं, "लागला मला!" आणि शेजारच्याने हात वर केला. मध्यंतर होईस्तोवर वरच्या सगळ्या रांगा हात वर करून उभ्या होत्या. टीव्हीवाल्यांना कॅमेरा कुठे वळवावा कळेना.

मध्यंतरात सबनीस स्वतः खाली आले. मामा आता मामा राहिले नव्हते.

"हा संप आहे! संघटनेनं संपाविरुद्ध मत दिलंय. चौदाजणींवर बंदी घालेन मी!"

"संप कुठाय सर? सगळ्या मैदानावर हायत. एक पण बाहेर राहिली न्हाई," समिधा म्हणाली. "बंदी घाला. कारण काय लिहिणार? खेळाडूनं हात वर केला? कुठल्या नियमात बसवताय बघू."

"दुसऱ्या अर्ध्यात काय करणार आहात?"

"हेच. परवा अंतिम सामना हाय, त्यात पण हेच. दुसऱ्या उपांत्य सामन्यातल्या पोरी तिकडं टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवाल्यात, आत्ताच फोन आलाय."

सबनिसांचा फोनही तेवढ्यात तीनदा वाजला. संघमालकांचे फोन असावेत; ते बाजूला जाऊन दबक्या आवाजात बोलत राहिले, कपाळ पुसत राहिले. परत आले तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती.

"कडी बंद करतो. पाटी काढतो. आता खेळा."

"तेवढ्यानं न्हाई भागत. कलम मागं घ्या. गुडघा लाल झाला तर ती पगारासकट बसंल, उपचारासकट, हिरवा होईस्तोवर. आणि कानोशाला जे ऐकू येतंय ते आधी जिचा गुडघा तिला. तिनं सांगितलं तर तुम्हाला."

"हे सगळं बैठकीत बोलू."

"बैठकीत एसी लई असतोय. हितंच बोलू. आणि माईकवर बोला, म्हंजे वरच्या लोकांना पण ऐकू येईल."

सबनिसांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जमलं असतं तर तिथेच गिळलं असतं. वरच्या रांगांतून 'लागला मला' चा गजर चालूच होता. शेवटी त्यांनी माईक घेतला. आवाज पुन्हा मामाचा करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही, पण शब्द सगळे बोलले. समिधाने एकही शब्द सुटू दिला नाही; 'उपचारासकट' गाळला तेव्हा तिने तिथल्या तिथे आठवण करून दिली आणि त्यांना तो म्हणावा लागला. पडद्यावरची कडी विझली. पोरींनी जो गिल्ला केला त्याने छत उडायचंच बाकी राहिलं.

त्या गोंधळात डॉ. केळुसकर मॅटच्या कडेकडेने किमयाजवळ आले. हातात हेडफोन आणि आपलं छोटं यंत्र.

"तुमच्या गुडघ्याचा आवाज आहे," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू येईल इतक्या खालच्या पट्टीत आणलाय. ऐकायचाच असं नाही. तुम्ही ठरवा."

किमयाने समिधाकडे पाहिलं. समिधाला बोलायचं फार होतं, पण तिने जीभ चावून धरली. किमयाने हेडफोन कानाला लावले आणि डावा गुडघा हळूच वाकवला.

तड. तडतड. तड. चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं.

इतके दिवस सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, लाल, लाल, लाल. मॅनेजरने सांगितलं, पडद्याने सांगितलं, समिधानेही पायऱ्यांवर सांगितलं. ऐकवलं कुणीच नव्हतं. किमयाने पुन्हा एकदा गुडघा वाकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"गप्प होईल का हे?" तिने विचारलं.

"विश्रांती दिलीत तर होईल. माझी खात्री आहे."

दुसऱ्या अर्ध्याची शिट्टी झाली. अजिंठ्याचे प्रशिक्षक धावत आले. "किमया, चल लवकर! आता खरा सामना आहे. पहिली चढाई तुझी."

किमयाने हेडफोन काढून डॉक्टरांच्या हातात दिले. बाकावर बसली आणि डाव्या बुटाची नाडी सोडली.

"अगं, उपांत्य सामना आहे! तुला कळतंय का? तुझ्याशिवाय कोण आहे आपल्याकडे? वीस मिनिटं तर काढ. आजवर फाटला नाही, आता काय फाटतोय?"

"दुसरीला पाठवा सर."

"उठ म्हणतो ना मी!"

मैदानातून समिधा हे सगळं बघत होती. तिला वाटलं आपण जावं, त्या माणसाला दोन शब्द सुनवावेत. पण किमयाला आता कुणाची गरज नव्हती. तिने बूट काढून बाजूला ठेवला, मान वर केली आणि इतक्या मोठ्यांदा बोलली की पंचही थबकले.

"बसलेय ती माझ्या मर्जीनं. उठीन ती पण माझ्याच मर्जीनं. जावा तुम्ही."

आणि तिने पाय चांगले लांब केले.